एकटा तलवारबाज सगळं कॅम्पेन खातो तेव्हा: स्वॅशबकलिंग खेळातल्या पात्रबांधणीचं समस्या निवारण

लक्षणं ओळखीची आहेत. टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे प्रत्येक जण एक पात्र होऊन फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेतो अशा खेळात, चौघं सारख्याच पॉइंट्समध्ये (गुण आणि कौशल्यं विकत घ्यायचं भांडवल) पात्रं बांधतात. एक जण रेपियर (लांब, सडपातळ तलवार) आणि द्वंद्वाचं शिक्षण घेतो, चपळाईवर सगळं ओततो. दुसरा जहाजाचा मार्गशोधक होतो, तिसरी दरबारात वावरणारी हेर, चौथा शल्यवैद्य. पहिलं सेशन, म्हणजे पहिली बैठक, झकास जातं. तिसऱ्या-चौथ्या सेशनला मात्र, गच्चीवर असो, डेकवर असो की मेजवानीत, काही पेटलं की तलवारबाज पुढे होतो, दोन राउंडमध्ये विषय मिटवतो आणि बाकीचे तिघं हातातले फासे खुळखुळवत बसतात. शेवटी शल्यवैद्य खेळणारा म्हणतो, "माझा हा मरू दे, पुढच्या वेळी मीपण तलवारबाजच घेतो." हे वाक्य टेबलावर ऐकू आलं की समजायचं, दुखणं पात्रबांधणीत आहे.

बाकीच्या प्रकारांपेक्षा स्वॅशबकलिंगमध्ये, म्हणजे तलवारी, जहाजं आणि दरबारी कारस्थानांच्या साहसकथांत, हे जास्त होतं, आणि ते साहजिक आहे. भुयारात उतरून राक्षस मारायच्या खेळात सगळेच लढायला बांधलेले असतात. फरक फक्त कोण पुढे उभा राहतो आणि कोण मागून मंत्र टाकतो एवढाच. इथे खेळ स्वतःच सांगतो की कवी घ्या, जुगारी घ्या, हाकलून दिलेला सरदारपुत्र घ्या. आणि मग दर दुसरा सीन तलवारींवर नेऊन संपवतो. म्हणजे वचन एक आणि वागणं दुसरं.

आधी काय करू नये

बहुतेक जीएमचा (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) पहिला उपाय म्हणजे शत्रू तगडे करणं. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. तलवारबाजापुढे पाच राउंड टिकेल असा खलनायक बांधला, की तो शल्यवैद्याला एका फटक्यात आडवा करतो. आतापर्यंत बाकीच्यांना नुसतं काम नव्हतं, आता त्यांना जवळ जायलाही परवडत नाही. लढाई पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालते आणि तो सगळा वेळ पुन्हा त्याच एका खेळाडूचा.

दुसरा उपाय म्हणजे दारात तलवार काढून घेणं, तलवारबाजाला कैद करणं, त्याचा उजवा हात जायबंदी करणं. एकदा केलं तर गोष्टीतलं वळण वाटतं. वारंवार केलं तर त्या खेळाडूला बरोबर कळतं की नियमांनी दिलेली गोष्ट घेतल्याची शिक्षा चालली आहे. आणि त्याची खरंच चूक नाही. दुकानात जे मांडलं होतं तेच त्याने घेतलं.

मोजायचं काय

चर्चा नेहमी डॅमेजवरून सुरू होते: याचा वार इतका, त्याचा तितका. माझ्या मते ते मोजमापच चुकीचं आहे. अशा खेळात दुर्मिळ असते ती पाळी. सीनचा निकाल बदलेल असं काहीतरी करण्याची संधी किती वेळा कुणाला मिळाली, हे मोजा.

एका पूर्ण सेशनभर शेजारी कागद ठेवा. प्रत्येक सीन संपला की दोन गोष्टी टिपा: निर्णायक गोष्ट कुणी केली, आणि ती करताना त्याने कॅरेक्टर शीटवरची (पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदावरची) कुठली ओळ वापरली. खेळाडूंना सांगायची गरज नाही. सांगितलंत तर सगळे मुद्दाम वेगळं वागतील. सेशननंतर कागद पाहा. एकच ओळ निम्म्याहून जास्त सीनमध्ये दिसत असेल, तर ती ओळ स्वस्तात विकली गेली आहे. कुणाच्या शीटवरच्या तीन-चार ओळी एकदाही दिसल्या नसतील, तर त्याने मेलेल्या गोष्टींना पैसे मोजले आहेत. दोन्ही दुखणी सहसा एकत्रच सापडतात, पण औषध वेगळं आहे, म्हणून आधी कागद आणि मग नियमांना हात.

कागदावर सगळं समसमान दिसूनही एक जण गप्पच असेल, तर तो नियमांचा प्रश्न नाही. काही लोकांना टेबलावर कमी बोलायला आवडतं. त्यांना विचारा आणि हो म्हणाले तर सोडून द्या.

एकच स्टॅट सगळीकडे कामाला येतो

सर्वात जास्त सापडणारं कारण. स्टॅट म्हणजे पात्राचा आकड्यात मोजलेला मूळ गुण. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत डेक्स्टेरिटी (चपळाई) घेतली की रेपियरसारख्या फिनेस (चपळाईने चालवायच्या) शस्त्राचा नेम आणि डॅमेज दोन्ही मिळतात, धनुष्य मिळतं, आर्मर क्लास (शत्रूचा वार चुकवण्याचा आकडा) वाढतो, इनिशिएटिव्ह (लढाईत आधी पाळी मिळण्याचा आकडा) वाढतो, लपणं, कोलांट्या आणि हातचलाखी येते, वर एक महत्त्वाचा सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा). स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) पदरात स्किल म्हणावं असं फक्त अ‍ॅथलेटिक्स पडतं. जड चिलखत घालणाऱ्यांच्या जगात हा तोल थोडाफार सांभाळला जातो. पण स्वॅशबकलिंगमध्ये रेशमी सदरा घालून झुंबराला लटकायचं असतं. तिथे चिलखत गेलं की स्ट्रेंग्थ घेण्याचं शेवटचं कारणही गेलं.

हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनाही सुटला होता असं नाही. गर्प्स या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत चारही मूळ गुणांची किंमत सारखी होती. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत डेक्स्टेरिटी आणि इंटेलिजन्स दर पातळीला २० पॉइंट्स, स्ट्रेंग्थ आणि हेल्थ दर पातळीला १० असा भाव ठरला. म्हणजे जो गुण जास्त ठिकाणी बोलतो त्याला दुप्पट मोजा. सरळ हिशोब आहे आणि पॉइंट-बायच्या (पॉइंट्स मोजून पात्र बांधायच्या) कुठल्याही खेळात उसना घेता येतो.

मला मात्र किंमत वाढवण्यापेक्षा कामं वाटून देणं आवडतं, कारण चालू कॅम्पेनमध्ये (अनेक सेशनची सलग गोष्ट) भाव बदलला की सगळ्यांची शीटं उघडावी लागतात. सर्वात आधी इनिशिएटिव्ह काढून घ्या. या प्रकारच्या खेळात पहिला वार चपळाने करावा असं कुठे लिहिलंय? प्रसंग आधी ओळखणाऱ्याने करावा, नाहीतर सगळ्यांना शब्दांत गुंतवून ठेवणाऱ्याने. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत 'रोग' (Rogue, भामटा) या पात्रवर्गाचा स्वॅशबकलर उपवर्ग इनिशिएटिव्हमध्ये करिश्मा (माणसांवर छाप पाडण्याचा स्टॅट) मिळवतोच. तो फायदा तुम्ही सर्वांना नियम म्हणून देऊ शकता. मात्र मग त्या उपवर्गाला बदल्यात दुसरं काही द्या, नाहीतर त्याचा खेळाडू उगाच नागवला जाईल.

याचंच जास्त घातक रूप म्हणजे एका राउंडमध्ये किती वेळा हात चालवायचा हे ठरवणारा स्टॅट. 'सेव्हन्थ सी' या स्वॅशबकलिंग खेळाच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत हे काम पॅनाश नावाच्या ट्रेटकडे (तिथे मूळ गुणाला ट्रेट म्हणतात) होतं. जितका पॅनाश तितके फासे टाकायचे, आणि प्रत्येक फाशावर जो आकडा येईल त्या फेजला (राउंडच्या टप्प्याला) तुमची कृती. पॅनाश तीनवाला दोनवाल्यापेक्षा थेट दीडपट खेळतो. इतर कुठलाही ट्रेट वाढवला तर एक कृती थोडी बरी होते. हा वाढवला तर आख्खी कृती जास्त मिळते. गंमत म्हणजे त्याच खेळात याला एक उतारा होता: सेशनच्या सुरुवातीला सर्वात कमी ट्रेटइतके ड्रामा डाइस (अडीनडीला वापरायचे जादा फासे) मिळायचे. एकांगी पात्राला तिथे चिमटा बसायचा. तुमच्या खेळात असा उतारा नसेल तर आणा. शौर्याचे, नशिबाचे, जे काही पॉइंट्स असतील ते सर्वात कमकुवत गुणाला जोडून टाका. कुणाचं काही न काढता एकांगीपणा महाग होतो.

गुणाकाराचा घोटाळा

दोन चांगल्या निवडींची बेरीज झाली तर पात्र चांगलं होतं. गुणाकार झाला तर खेळ बिघडतो. याचं स्वच्छ उदाहरण 'सेव्हन्थ सी'च्या २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे, आणि ज्यांनी ती खेळली त्यांच्याकडून तक्रारही हीच येते.

तिथे ट्रेट अधिक स्किल इतके दहा बाजूंचे फासे टाकायचे आणि दहा-दहाच्या बेरजेचे गट करायचे. प्रत्येक गट म्हणजे एक रेज. एका फाशाची सरासरी साडेपाच, म्हणजे ढोबळमानाने दोन फाशांमागे एक रेज. तीन फासे टाकणाऱ्याला एखादा रेज मिळतो. सहा फासे अधिक वर्णनाचे आणि नवं स्किल वापरल्याचे बोनस फासे टाकणारा तीन-चारपर्यंत सहज पोचतो. इथपर्यंत ठीक आहे, सराव केलेला माणूस जास्त करणारच.

पुढे पाहा. साध्या पात्राने एक रेज खर्च केला की शत्रूला एक जखम. ड्युएलिस्ट अकॅडमी (द्वंद्वाचं शिक्षण) घेतलेल्याने स्लॅश (वाराचा डाव) केला की वेपनरी या शस्त्राच्या स्किलच्या रँकइतक्या (पातळीइतक्या) जखमा. वेपनरी तीन असेल तर एका रेजला तीन. पॅरीने (वार अडवण्याच्या डावाने) तितक्याच अडवता येतात. तोच डाव लागोपाठ दोनदा करायचा नाही, एवढंच बंधन. चार रेज घेऊन स्लॅश, पॅरी, स्लॅश, पॅरी केलं तर सहा जखमा दिल्या आणि सहापर्यंत अडवल्या. साध्या पात्राकडे चार रेज असलेच, तर देऊन-अडवून सगळं मिळून चार. आणि त्याच्याकडे चार असतच नाहीत. वेपनरीचा रँक रेजची संख्याही वाढवतो आणि प्रत्येक रेजचं वजनही. हा गुणाकार.

अकॅडमी हा एक अॅडव्हांटेज, म्हणजे विकत घ्यायचा खास फायदा. तिची किंमत पाच पॉइंट्स, म्हणजे अ‍ॅडव्हांटेजसाठी सुरुवातीला हातात असतात तेवढे सगळे. त्यामुळे कागदावर ती महाग दिसते आणि तलवारबाज खेळणारा प्रामाणिकपणे म्हणतो, "मी बाकी सगळं सोडलं की!" खरं आहे. पण तीन अ‍ॅडव्हांटेज घेणाऱ्याला मिळालेले फायदे आपापल्या जागी एकेकदा उपयोगी पडतात. अकॅडमी प्रत्येक लढाईत, प्रत्येक रेजला उपयोगी पडते.

नियम बनवताना वापरावी अशी कसोटी: एका निवडीने संख्या वाढवावी किंवा परिणाम वाढवावा, दोन्ही नाही. ड्युएलिस्टच्या बाबतीत मी सुचवेन ते असं. डावाचं बळ वेपनरीपासून तोडा आणि सरसकट दोन ठेवा. फक्त द्वंद्वात, म्हणजे एकास एक आणि दोघांनी मान्य केलेल्या लढतीत, पूर्ण रँक मिळू द्या. तलवारबाजाचा मानाचा क्षण शाबूत राहतो, पण गल्लीतल्या दहा गुंडांना तो एकटा आवरू शकत नाही. दुसरा पर्याय मऊ आहे: वेपनरी, ब्रॉल (हातघाई) किंवा एम (नेमबाजी) तीनवर असलेल्या कुणालाही राउंडमध्ये एकदा रँकइतक्या जखमा देऊ द्या. तलवारबाजाचं काहीच जात नाही. नाराजी टाळायची असेल तर हाच घ्या.

नियमाला अजिबात हात लावायचा नसेल तर सीन बदला. या आवृत्तीत फासे टाकण्याआधी जीएमने परिणाम आणि संधी जाहीर करायच्या असतात, आणि रेज खर्चूनच ते टाळता किंवा मिळवता येतात. बरेच जीएम लढाईत हे विसरतात आणि फक्त जखमांचा हिशोब चालवतात. दारूगोळ्याकडे सरकणारी आग, दोरखंड तुटत आलेली शिडी, खिडकीतून पळणारा कारकून आणि त्याच्या हातातलं पत्र: हे सगळं एकाच राउंडमध्ये मांडलं, की रेज जखमांवर घालवणं ही चैन होते. मग मार्गशोधकाचा एक रेज तलवारबाजाच्या तीन जखमांपेक्षा मोलाचा ठरतो. शिवाय ठरवलेल्या पवित्र्याबाहेरचं स्किल वापरायला एक रेज जास्त लागतो, त्यामुळे आग विझवायला तलवारबाजाला महागच पडतं. खलनायकाचंही तसंच. त्याच्याकडे ताकद आणि प्रभाव असे दोन आकडे असतात. प्रभाव त्याच्या कारस्थानांत गुंतलेला असतो आणि ती उधळली की घटतो. पॉइंट्स प्रभावात टाका. मग हेर जे तीन सेशन करत होती त्याला आकड्यांत किंमत येते आणि शेवटचं द्वंद्व तिने पोखरलेल्या माणसाशी होतं.

सुरुवातीला एक भाव, नंतर दुसरा

हे दुखणं उशिरा दिसतं, पण मुळाशी असतं. अनेक खेळांत पात्र बांधताना रँकला सपाट भाव असतो आणि नंतर अनुभवाच्या पॉइंट्समधून वाढवताना चढता. मानू या, बांधताना एका रँकला एक पॉइंट, आणि नंतर नव्या रँकच्या दुप्पट अनुभव. दहा पॉइंट्समध्ये एकाने दोन स्किल पाचवर नेली आणि तीन शून्यावर ठेवली. दुसऱ्याने पाचही स्किल दोनवर ठेवली. आता दोघांनाही पाच, पाच, दोन, दोन, दोन इथे पोचायचंय. पहिल्याला तीन स्किल शून्यावरून दोनवर न्यायची: प्रत्येकी दोन अधिक चार, एकूण १८ अनुभव. दुसऱ्याला दोन स्किल दोनवरून पाचवर न्यायची: प्रत्येकी सहा अधिक आठ अधिक दहा, एकूण ४८. एकाच मुक्कामाला पोचायला एकाला १८ आणि दुसऱ्याला ४८! ज्याने नियम नीट वाचले तो जिंकला, आणि ज्याने गोष्टीला शोभेल असं चौफेर पात्र बांधलं तो कायमचा मागे राहिला.

उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: दोन्हीकडे एकच भाव ठेवा. नव्या कॅम्पेनला बांधतानाही चढता भाव लावा आणि पॉइंट्स थोडे जास्त द्या. चालू कॅम्पेनमध्ये प्रत्येक शीट अनुभवाच्या भावाने पुन्हा मोजा, सर्वात महाग शीट शोधा आणि बाकीच्यांना फरक हळूहळू भरून द्या. एका झटक्यात ३० पॉइंट्स दिलेत तर ते सगळे पुन्हा तलवारीत जातील, हे ठरलेलं.

मेलेले पॉइंट्स आणि आगाऊ मिळालेले दोष

भाषा, ओळखीपाळखी, वारसा, जहाजाचा हिस्सा, दरबारी पदवी. यांना पॉइंट्स पडतात आणि त्या कधी उपयोगी पडायच्या हे सर्वस्वी जीएमच्या हातात असतं. तलवारीचं तसं नाही. लढाई तलवारबाज स्वतः सुरू करू शकतो. म्हणून खेळाडूने पदवी विकत घेतली असेल तर तिच्याशी संबंधित प्रसंग आणणं ही तुमची देणी आहेत असं समजा. दोन-तीन सेशनमध्ये जमणार नसेल तर स्पष्ट सांगा आणि पॉइंट्स परत करा. "कधीतरी येईल" म्हणून ठेवलेली ओळखीची माणसं सहसा येत नाहीत.

दोषांचं उलटं. एक डोळा नाही, जुना वैरी मागे आहे, जुगार सुटत नाही, असं लिहून खेळाडू बांधतानाच जास्तीचे पॉइंट्स उचलतो. पॉइंट्स लगेच तलवारीत जातात. वैरी मात्र कुणालाच आठवत नाही. हा व्यवहार उलटा करा: लिहायला काही मिळणार नाही, दोष खेळात येऊन नडला की त्या क्षणी मिळेल. फेट या खेळात कम्पेलमुळे (दोष पात्राला अडचणीत आणतो तेव्हा) असंच होतं, 'सेव्हन्थ सी'च्या दुसऱ्या आवृत्तीत ह्युब्रिसमुळे (पात्राचा स्वभावदोष नडला की) हिरो पॉइंट मिळतो. त्याच खेळाची पहिली आवृत्ती तर याहून पुढची होती: शोधात असलेला शत्रू किंवा हरवलेलं प्रेम यांसारख्या बॅकग्राउंडला खेळाडूनेच पॉइंट्स मोजायचे, आणि ते गोष्टीत आलं की अनुभव मिळायचा. संकट विकत घ्यायला लावणं विचित्र वाटतं, पण पैसे मोजलेला खेळाडू त्या संकटाची आठवण जीएमला स्वतःहून करून देतो. फुकट पॉइंट्स उचललेला कशाला करेल!

पिस्तुलांबद्दल थोडक्यात. एकबारी पिस्तुलाचा वार जबर ठेवायचा आणि भरायला वेळ लावायचा, हा तोल चांगला आहे, खेळाडू सहा पिस्तुलं अंगावर बांधत नाही तोपर्यंत. वर तो ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचा दाखला देईल, आणि १७२४ साली छापलेल्या वर्णनात त्याच्या अंगावर खरोखरच तीन जोड्या होत्या. वाद घालू नका. एका सीनमध्ये एकदाच पिस्तुलाचा जबर परिणाम, पुढच्या गोळ्या साध्या वारासारख्या, एवढा नियम पुरतो.

चालू कॅम्पेनमध्ये हे आणायचं कसं

एकट्या तलवारबाजाची शीट दुरुस्त करू नका. सगळ्यांना एकाच वेळी पुनर्बांधणी द्या: पात्राचं नाव, इतिहास आणि एक खूण कायम, बाकीचे आकडे हवे तसे हलवा. किती तरी वेळा तलवारबाजच थोडं काढून दुसरीकडे टाकतो, कारण बाकीच्यांना कंटाळलेलं पाहून तोही अवघडलेला असतो.

पुनर्बांधणीत कमाल मर्यादेपेक्षा किमान मर्यादेचा जास्त उपयोग होतो. प्रत्येक पात्राला लढाईतलं एक आणि माणसांशी बोलण्यातलं एक स्किल दोनच्या खाली नको, आणि हे रँक फुकट. शल्यवैद्य त्यामुळे तलवारबाज होत नाही, पण लढाई पेटली की खांबामागे लपण्याऐवजी त्याला काहीतरी करता येतं. कमाल मर्यादा घातली की खेळाडू तिच्यापर्यंत जातातच. म्हणून ती घालायचीच तर एकाच आकड्यावर घाला, जो तुमच्या कागदावर सर्वाधिक वेळा दिसला.

आणि गटात दोन तलवारबाज असतील तर घाबरू नका. एकापेक्षा दोन बरे. एक अकॅडमीत शिकलेला, नियमाने लढणारा. दुसरी बंदरातल्या मारामाऱ्यांत तयार झालेली, खुर्ची आणि वाळू वापरणारी. लढाईची पाळी मग आपोआप वाटली जाते, आणि दोघांची आपसातली चुरस तुम्हाला न लिहिता मिळते.

बदल केल्यावर लगेच निकाल लावू नका. पहिल्या सेशनला सगळे नवे नियम चाचपत असतात. दुसऱ्या-तिसऱ्याला पुन्हा तोच कागद काढा. ती ओळ अजूनही निम्म्याहून जास्त सीनमध्ये येत असेल, तर आकड्यांना पुन्हा हात लावण्याआधी स्वतः मांडलेले सीन मोजा. त्यातले किती तलवार उपसल्याशिवाय संपू शकत होते? एकही नसेल, तर पुढच्या सेशनसाठी दोन सीन असे लिहा ज्यांत तलवार उपसणारा हरतो: ओलीस धरलेला साक्षीदार, शपथ घेतलेलं यजमानाचं घर, किंवा गव्हर्नरचा नाच, जिथे खलनायकच आधी वार व्हायची वाट बघतोय.